पहिलीच्या मोठ्या वर्गखोलीची सजावट

शाळेला प्रशस्त खोली लाभणे ही भाग्याची गोष्ट होय. परंतु सहा वर्षांच्या मुलास ती तशी वाटेलच असे नाही. वाळवा तालुक्यातील गावांतून येणारे मूल बहुधा घरातील सोप्याच्या आटोपशीर जागेत वाढलेले असते. त्यास तीस फूट लांबीच्या खोलीत, उंच छपराखाली, उघड्या फरशीवर बसविले की ते भिंतीला चिकटते, दाराकडे पाहत राहते आणि पुढे पुढे शाळेत येणेच टाळते. घरची माणसे म्हणतात, ‘पोरगं बुजलंय.’ या बुजण्याचा दोष पुष्कळदा मुलाच्या स्वभावाकडे नसून खोलीकडे असतो.

म्हणून सजावट म्हणजे खोली वस्तूंनी भरणे नव्हे, तर ती मुलाच्या मापाला आणणे होय. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह सुरू केले, तेव्हा टेबले, खुर्च्या व कपाटे मुलांच्या उंचीची करवून घेतली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र काढले. तेथे व पुढे १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी हाच विचार खेड्यातील परिस्थितीशी जुळवून घेतला. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, माती यांसारख्या परिसरातील वस्तू आणल्या. हा मार्ग आपल्या शाळांनाही परवडणारा आहे.

प्रथम भिंतींचा विचार करावा. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत गेरूचा किंवा पिवडीचा पट्टा द्यावा व वरचा भाग पांढरा ठेवावा. नजर त्या पट्ट्यापाशी थांबते, त्यामुळे भिंतीची उंची कमी भासते. वरचा चुना उजेड परतवितो, म्हणून खोली अंधारतही नाही. रंगात थोडा डिंक कालविल्यास तो कपड्यांना कमी लागतो. चित्रे मात्र मोठ्यांच्या नजरेसमोर न लावता जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर लावावीत. सहा फुटांवरील तक्ता शाळेस भेट देणाऱ्या पाहुण्यासाठी असतो, मुलासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट आवाजाची. फरशी, गिलावा व पत्रा हे कठीण पृष्ठभाग आवाज परत फेकतात. खोली घुमू लागली म्हणजे शिक्षक आवाज चढवितात आणि गुरुजी रागावले असे नवख्या मुलास वाटते. कापड आवाज शोषून घेते. बसावयास सतरंजी अंथरावी आणि मागील भिंतीवर स्वच्छ धुतलेली जुनी वाकळ, भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर सोडून, टांगावी. शिक्षकाचा स्वर आपोआप खाली येतो. रंगीत ठिगळांची वाकळ मुलाच्या ओळखीची असते, हा अधिक लाभ.

तिसरी गोष्ट जागेच्या विभागणीची. अडीच फुटांहून उंच नसलेल्या फळ्यांनी किंवा पेट्यांनी दोन कोपरे वेगळे करावेत. म्हणजे मुलास आडोसा मिळतो व शिक्षकाची नजरही सर्वत्र राहते. एक कोपरा गोष्टींच्या पुस्तकांचा असावा. दुसऱ्यात जोंधळ्याची कणसे, भुईमुगाच्या शेंगा, हळकुंडे, कृष्णाकाठचे गोटे अशा वस्तू मोजण्यास, जुळविण्यास व बोलण्यास ठेवाव्यात. मधली जागा मोकळी सोडून तेथे अर्धवर्तुळात बैठक घ्यावी. दाराजवळ मुलांच्या हाताला येतील अशा खुंट्या ठोकून प्रत्येकीखाली एकेका मुलाचे नाव लिहावे. एवढ्या मोठ्या खोलीत ही एक खुंटी आपली आहे, हे मुलाला ठाऊक असणे फार मोलाचे आहे.

काही पथ्ये पाळणे अवश्य आहे. खिडक्या तक्त्यांनी झाकू नयेत. वाळलेली ताटे किंवा कागदी पताका विजेच्या दिव्यांजवळ व तारांजवळ बांधू नयेत. येण्याजाण्याची वाट अडवू नये. मुलांची चित्रे दर पंधरवड्यास बदलावीत आणि त्यांत प्रत्येक मुलाचे एक तरी चित्र असेल असे पाहावे. निवडक चारच मुलांची चित्रे लागली तर उरलेल्यांना ती भिंत परकीच राहते. सजावटीसाठी पालकांकडून वर्गणी मागू नये; जुने कापड व शेतातील वस्तू पुरेशा आहेत.

सजावट साधली की नाही, याची कसोटी सोपी आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी पाहावे, की सर्वांत अबोल मूल वर्गात आल्यावर कोठे जाते. ते आपल्या खुंटीला दप्तर अडकवून कोणत्या तरी कोपऱ्याकडे आपणहून वळत असेल, तर खोली त्याची झाली. ते अद्याप दारापाशीच उभे राहत असेल, तर भिंतीवर आणखी एक तक्ता लावण्यापेक्षा शिक्षकाने सतरंजीवर त्याच्याशेजारी जाऊन बसावे व कोपऱ्याची मांडणी पुन्हा त्याच्या जागेवरून पाहावी.