जेवण गोड लागतं तेव्हा

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ सालच्या रामनवमीला ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, म्हणून गावाचं नावच आता जांब समर्थ झालंय. मनाचे श्लोक आपल्याकडे पोराटोरांना पाठ असतात. पण दासबोधाच्या अकराव्या दशकातला तिसरा समास सवडीने वाचलाय का? नसेल तर आजच वाचा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या संसारी माणसाचं दिवसाचं वेळापत्रक तिथे मांडलंय, आणि त्यात एक जागा अशी येते की वाचणारा थबकतोच.

सुरुवात ओळखीची आहे. पहाटे उठावं, काही पाठांतर करावं, जमेल तसं देवाला आठवावं. शौच, मुखमार्जन, स्नान, पूजा. थोडा फलाहार घेऊन कामधंद्याला लागावं आणि गोड बोलून माणसं राजी राखावीत. ज्याचा जो व्यवसाय, त्यात त्याने खबरदार राहावं, कारण चित्त थाऱ्यावर नसेल तर एखादं पोरही गंडवून जाईल. असा माणूस चुकतो, ठकतो, वस्तू विसरतो, हरवतो आणि मग आठवलं की चरफडतो. किती नेमकं निरीक्षण आहे हे! आणि लगेच पुढे समर्थ म्हणतात की म्हणून मन एकाग्र असावं, तर जेवतानाही अन्न गोड लागतं.

एकाग्रतेचं फळ म्हणून इथे मोक्ष सांगितलेला नाही, सिद्धीही नाही. सांगितलीय ती जेवणाची चव!

१९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी असंच लक्ष देऊन जगायला शिकवणारा एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यातला सगळ्यात गाजलेला पाठ एका बेदाण्याचा. बेदाणा हातात घ्यायचा, निरखायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग सावकाश चावायचा. ज्यांना हा पाठ करून बघायचाय त्यांना जालन्यात बेदाणा शोधत हिंडायला नको. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. एक फोड घ्या. पापुद्रा दाताखाली फुटतो तो क्षण, आधी येणारा गोडवा, मागून हलकेच जाणवणारी साल-बियांची कडसर झाक. एरवी बोलता बोलता आख्खी मोसंबी पोटात जाते आणि यातलं काहीच कळत नाही.

न कळण्याच्या या अवस्थेला समर्थ 'दुश्चित' म्हणतात. तिच्यासाठी त्यांनी आठव्या दशकात एक समास वेगळा काढलाय. माणूस श्रवणाला बसलाय, मन मात्र भलतीकडे. उठल्यावर काय ऐकलं ते सांगता येत नाही. दुश्चितपणातून आळस, आळसातून झोप आणि झोपेत आयुष्याचा नाश, अशी उतरंड ते दाखवतात. २०१० साली हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० लोकांना दिवसभरात अवचित फोनवर गाठून विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय? उत्तरांपैकी ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि भटकणारं मन एकूणात कमी सुखी होतं. सुखाच्या विचारांत रमलेलंसुद्धा कामात असलेल्या मनापेक्षा जास्त सुखी नव्हतं.

पण इथे एक कोडं आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत ओढ वाटते ती त्याचीच. सवय जडली म्हणजे लक्ष न देता काम होऊ लागतं. मग लक्ष देण्याची सवय जडणार तरी कशी?

१९९९ साली एमआयटीतल्या ॲन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहिलं. नवी वाट शिकताना सवयींशी निगडित भागातल्या पेशी वाटभर कामात होत्या. वाट अंगवळणी पडली तशी त्यांची धावपळ सुरुवातीला आणि शेवटाला गोळा झाली. मधला टप्पा जवळजवळ शांत. म्हणजे सवय आपल्याला आसनावर नेऊन बसवते, पानावर नेऊन बसवते. मधलं सगळं आपल्यावर सोपवते.

हा मधला टप्पा कसा सांभाळायचा, याचा धडा दासबोधातच आहे, आणि तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावर आहे. समर्थांना हे हातानं ठाऊक होतं. त्यांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकि रामायणाचं हस्तलिखित धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेलं आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं. शाई काळीभोर, ओळी मोत्यांच्या माळेसारख्या. आणि मुख्य म्हणजे ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं, तसंच शेवटचं. सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटावं. हजारो ओळी लिहून हात सरावलेला असतो, तो आपोआप चालतो. तरीही मधल्या कुठल्या पानावर नजर सुटली तर अक्षर लगेच चुगली करतं. सराव हाताचा आणि पहारा डोळ्याचा, दोन्ही एकाच वेळी चालू.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील, तर कुणाला २५४, असा त्यांचा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. समर्थांचा हिशेब दिवसांत मावत नाही. ते लिहिणाऱ्याला बजावतात की तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, मध्यम काढावं. आणि पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागद कडेनं झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही.