रक्त चढवतानाची पहिली १५ मिनिटे

आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड, कोलाम आदी आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यातील काही रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. अशा रुग्णाच्या शरीरात परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच पूर्वी रक्त दिलेले असले, तरी क्रॉसमॅच चाचणी नव्याने करावी लागते.

रक्तगट चुकल्यास रुग्णाच्या रक्तात मुळातच असलेली प्रतिद्रव्ये दात्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि थोडेसे रक्तही जिवावर बेतू शकते. त्यामुळे रुग्णाची ओळख, रक्तगट आणि पिशवीचा क्रमांक दोन कर्मचाऱ्यांनी खाटेजवळच पडताळायचा असतो. पहिली १५ मिनिटे रक्त संथ गतीने सोडून परिचारिकेने रुग्णाजवळ थांबायचे असते. थंडी, ताप, अंगावर पित्त, कंबरदुखी, धाप किंवा लालसर लघवी यांपैकी काहीही दिसताच रक्त तत्काळ थांबवले जाते. शिरेतील सुई मात्र काढत नाहीत. औषधांसाठी तीच वाट असते. नव्या नळीने सलाईन सुरू करून डॉक्टरांना बोलावले जाते आणि पिशवी तपासणीसाठी रक्तपेढीकडे परत जाते.

या साऱ्याची सुरुवात बहुधा रुग्णाच्या ‘कसेतरी होते आहे’ या तक्रारीने होते. रुग्ण केवळ गोंडी किंवा कोलामी बोलत असेल, तर ती भाषा जाणणारा नातलग त्या वेळी खाटेजवळ असणे हीदेखील शुश्रूषाच होय.