संकेतस्थळ घडविणाऱ्याची कसोटी

महात्मा फुले मंडईचा अष्टकोनी मनोरा १८८६ पासून उभा आहे. प्रारंभी ती रे मार्केट या नावाने ओळखली जाई. तिच्या आसपास, बोहरी आळी, तुळशीबाग, रविवार पेठ या भागांत, आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या पेढ्या आहेत. मंडईपासून डावीकडे की उजवीकडे, एवढे सांगितले की गिऱ्हाईक दारात येत असे. आता तेच गिऱ्हाईक घरून निघण्यापूर्वी फोनवर दुकान शोधते. माल, भाव आणि सुट्टीचा वार तिथेच पाहते. त्यामुळे घरातील मुलगा, मुलगी किंवा नवी सून म्हणते, “मला वेब डिझाइन शिकायचे आहे,” तेव्हा वडीलधाऱ्यांना त्यात आता नवल वाटत नाही. त्यांचा प्रश्न एवढाच असतो: “त्याचे सर्टिफिकेट मिळते का?”

प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा आहे. सराफी व्यवसायातील वाचकांना हे लवकर उमगेल. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्या शिक्क्यामागे कायदा आहे, तपासणी केंद्र आहे आणि दागिन्यागणिक सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक आहे. तेथे तपासला जातो तो प्रत्यक्ष माल. वेब डिझाइनच्या प्रमाणपत्राला असा आधार नाही. सनदी लेखापालास वा डॉक्टरास नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही. संकेतस्थळ घडविण्यासाठी मात्र आपल्या देशात कोणताही परवाना लागत नाही. म्हणून एकाच नावाची प्रमाणपत्रे अगदी वेगवेगळ्या मोलाची असू शकतात. काही क्लासच्या पाटीवर ‘आयएसओ प्रमाणित’ असे ठळक लिहिलेले असते. आयएसओ ९००१ हे मानक संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीविषयी असते. विद्यार्थ्याला काय येते, याची ते ग्वाही देत नाही. मालाची पारख करणाऱ्या घराण्यांनी या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

तरीही काही प्रमाणपत्रांना वजन आहेच. केंद्र सरकारच्या ‘नायलिट’ या संस्थेच्या ‘ओ लेव्हल’ अभ्यासक्रमात वेब डिझाइनिंगचा स्वतंत्र पेपर आहे. आयटीआयमधील ‘कोपा’ हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रमही त्याची तोंडओळख करून देतो. पदवीनंतर गंभीरपणे या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्यांसाठी पुण्यातच १९८८ पासून ‘सी-डॅक’ आहे. तेथील पदव्युत्तर पदविकेला प्रवेश परीक्षेतून जावे लागते. ‘फ्रीकोडकॅम्प’सारख्या ठिकाणी तर शुल्कच नाही, ठरवून दिलेली कामे स्वतः पूर्ण करून दाखविल्याखेरीज मात्र तेथे प्रमाणपत्र मिळत नाही. सरकारी नोकरीच्या अर्जाला कागद लागतो, तेथे पहिल्या दोन वाटा उपयोगी पडू शकतात. खासगी कामात ग्राहक कागद क्वचितच पाहतो. तो विचारतो, “आजवर काय केले आहे, ते दाखवा.”

आणि दाखविणे सोपे आहे, कारण या व्यवसायात माल झाकता येत नाही. कोणतेही पान संगणकावर उघडून त्याचा मूळ मजकूर पाहता येतो. म्हणून क्लासचे शुल्क भरण्यापूर्वी मागील विद्यार्थ्यांनी केलेली तीन-चार संकेतस्थळे मागावीत आणि ती घरातील सर्वांत जुन्या, स्वस्त फोनवर उघडून पाहावीत. पान उघडायला वेळ लागतो का? अक्षरे आजोबांना वाचता येतात का? भ्रमणध्वनी क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागतो का? नमुने दाखविण्यास टाळाटाळ झाली, तर पायरी उतरावी. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देऊन वर्षाचे शुल्क एकरकमी मागणाऱ्यांकडे, किंवा त्यासाठी कर्जाचे हप्ते बांधून देणाऱ्यांकडे, विशेष सावधपणे पाहावे.

शिकायचे काय, हेही पालकांना ठाऊक असावे. एचटीएमएल पानाची रचना सांगते: शीर्षक कोणते, भाव कोणता. सीएसएस त्याला रूप देते. बटण दाबल्यावर काय घडावे, हे जावास्क्रिप्ट ठरविते. इतके सर्वच क्लास शिकवितात. मराठी पानाची निगा मात्र फार थोडे शिकवितात, आणि मंडईच्या परिसरातील दुकानांसाठी तीच महत्त्वाची आहे. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळींत मराठी मजकूर कोंबला की वेलांट्या आणि रफार कापले जातात. अक्षरांत अंतर वाढविले की शिरोरेषा तुटते. छापखान्यातील जुन्या फाँटचा मजकूर तसाच चिकटविला तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद केली, तर काही फाँट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आपोआप वापरतात, हिंदीची नाही. ही जाण असणारा विद्यार्थी चार जणांत वेगळा दिसतो.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही मिनिटांत बरे दिसणारे पान उभे करतात. त्यामुळे केवळ सजावट शिकलेल्यांचे काम कमी होणार, हे उघड आहे. मुलांपासून ते लपवू नये. परंतु पितळी पातेले विचारायला आलेला मनुष्य आधी आकार विचारतो की वजन, हे त्या साधनाला कोण सांगणार? गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ते ठाऊक असते. व्यापारी घरात वाढलेल्या मुलामुलींचे हेच खरे भांडवल आहे, आणि त्यांचा पहिला नमुना घरच्याच पेढीचे संकेतस्थळ असावा.

मात्र ते काम ‘घरचेच तर आहे’ म्हणून फुकट करवून घेऊ नये. विशेषतः मुली आणि सुनांच्या बाबतीत हे वारंवार घडते: रात्री स्वयंपाकघर आवरून केलेले काम ‘हौस’ ठरते. बाहेरच्या माणसाला दिले असते तसे काम ठरवावे, मुदत द्यावी, चुका दाखवाव्यात, बिल घ्यावे आणि ती रक्कम वहीत खर्ची टाकावी. पुढच्या ग्राहकाला किती सांगायचे, हे तिला त्याच बिलावरून कळेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. संकेतस्थळाच्या पत्त्याची नोंदणी क्लासच्या किंवा मध्यस्थाच्या नावावर न ठेवता पेढीच्याच नावावर करावी. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ताही घेता येतो. त्याच्या नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या भाडेकराराशेजारी लिहून ठेवावी, आणि पासवर्ड घरातील किमान दोघांना माहीत असावा.