डहाणूला निघण्यापूर्वी तिथी पाहा

परीक्षा संपल्या, की देवळाली कॅम्पातल्या आणि नाशिकच्या घराघरांतून एक बेत शिजू लागतो. रविवारी पहाटे गाडी ठरवायची, डबे बांधायचे, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करीत डहाणू-बोर्डी गाठायची, दिवसभर समुद्रावर काढायचा आणि रात्री झोपायला घरी यायचे. मुक्कामाचा खर्च नाही, रजेचा अर्ज नाही, म्हाताऱ्या माणसांनाही बरोबर नेता येते. बेत उत्तमच आहे. मात्र सोमवारी सकाळी दवाखान्यात त्याची उजळणी होते. कुणाची पाठ उन्हाने सोलून निघालेली असते, कुणाला जुलाब-उलट्या, कुणाचा कान ठणकतो, तर एखाद्या मधुमेही काकांच्या पायाला शिंपल्याने कापलेले असते आणि ते त्यांना घरी आल्यावर कळलेले असते. ही सारी दुखणी आठवड्यात बरी होतात. समुद्रावरचा जो अपघात दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याबद्दल आज मुख्यतः लिहायचे आहे.

देवळालीला समुद्र नसला तरी समुद्राशी या गावाचे नाते जुने आहे. ब्रिटिश फौजेचा इथला तळ एकोणिसाव्या शतकातला. मुंबईला जहाजातून उतरलेले गोरे सैनिक इथे येत आणि नोकरीची मुदत संपलेले सैनिक परतीच्या जहाजाची वाट पाहत इथेच थांबत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढेच महिने चालत. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली त्याने पुढचा सबंध उन्हाळा आणि पावसाळा इथे रिकामपणी काढायचा. काम नाही, ऊन, दारू, हिवताप. काहींची डोकी त्यात फिरली आणि इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातला डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. ‘डूलाली’ हा वेडसर या अर्थाचा शब्द इंग्रजी शब्दकोशांत आजही आहे.

त्या सैनिकांना समुद्राकडे जायला सहा-सहा महिने लागत. आपण चार तासांत जातो. पण या चार तासांत शरीराला काय सोसावे लागते याचा विचार कोणी करीत नाही. देवळाली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि इथली हवा कोरडी. या कोरड्या हवेसाठीच मुंबईची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हवापालटाला इथे येत आली. लॅम रोडवरची जुनी सॅनिटोरियम त्याची साक्ष आहेत. कोरड्या हवेत घाम आला की लगेच उडून जातो आणि अंग थंड होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तोच घाम अंगावरून नुसता निथळतो, उडत नाही आणि अंग थंडही होत नाही. समुद्रावर वारा असतो म्हणून ऊन जाणवत नाही, एवढेच. त्यातच आदल्या रात्री डब्यांच्या तयारीत झोप झालेली नसते आणि घाटात दोघे-तिघे ओकलेले असतात. अशा थकलेल्या अंगाने माणूस साडेदहा-अकराला किनाऱ्यावर उतरतो आणि त्याच्या मनात एकच हिशेब असतो: चारला निघायचे आहे, म्हणजे हातात पाच तास. मग जेवणाआधी पाणी, जेवणानंतर पाणी. त्या वेळी समुद्र काय करतो आहे याची चौकशी कोणी करीत नाही.

ही चौकशी घरी बसून करता येते. कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्याच्या आधी आणि नंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती आणि दुपारी दोन-सव्वादोनला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. यामागे काही गूढ नाही. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि त्याच्या ओढीने होणारी भरतीही तेवढीच पुढे सरकते. ठोकताळाच तो, तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचे तक्ते हल्ली मोबाईलवरही मिळतात. पण घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका बेत आखायला पुरेशी आहे.

आता हा हिशेब आपल्या रविवारला लावून पाहा. समजा पौर्णिमेचा रविवार आहे. तुम्ही अकराला पोहोचता तेव्हा समुद्र काठोकाठ भरलेला, दृश्य देखणे. बाराच्या सुमारास पाणी उतरू लागते. तुम्ही सुरूच्या सावलीत जेवता, जरा पडता आणि तीनला पोरे पुन्हा पाण्याकडे धावतात. त्या वेळी पाणी सर्वांत जोराने बाहेर चाललेले असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांच्या भरतीला उधाणाची भरती म्हणतात. उधाणाला पाणी जास्त चढते, आणि जितके चढते तितकेच तेवढ्याच सहा तासांत उतरते. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्याही वर जाते, आणि उत्तरेला खंभातच्या आखाताकडे जावे तसतसा हा चढउतार वाढतच जातो. डहाणू मुंबईच्या उत्तरेला आहे हे विसरू नये. तिथला किनारा सपाट असल्याने ओहोटीला पाणी बरेच लांब जाते आणि माणूस पाण्यामागे चालत जातो. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पायाखालची वाळू सरकते आणि तो बसतो. पुढची लाट त्याला आत ओढते. खाडीच्या तोंडापाशी तर ओहोटीच्या वेळी पोहणाऱ्यानेही उतरू नये.

म्हणजे भरतीचे पाणी निर्धास्त, असा अर्थ मात्र काढू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला एका दिवसाच्या सहलीसाठी आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी चौदा जण दुपारी समुद्रात बुडाले. त्या दिवशी पंचांगात वद्य अष्टमी होती. अष्टमीच्या आसपासच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात; ती वर्षातल्या सौम्य भरत्यांपैकी असते. वर सांगितलेल्या हिशेबाने त्या दुपारी पाणी चढत होते. थंडीचे दिवस, पावसाळा नाही, वादळ नाही, उधाण नाही. वीस वर्षांच्या आसपासची धट्टीकट्टी मुले होती ती. सपाट किनाऱ्यावर पाणी चढताना आधी खोलगट घळी भरतात, आणि पुढे उथळ वाळूवर उभ्या असलेल्या माणसाच्या मागे कंबरभर पाणी झालेले त्याला कळतही नाही.

माझे सांगणे असे. सकाळी साडेदहापर्यंत पोहोचणार असाल तर चतुर्थी-पंचमीचा सुमार पाहा, शुद्ध किंवा वद्य. त्या दिवशी सकाळी नऊ-पावणेदहाला ओहोटी पूर्ण होऊन पाणी हळूहळू परतू लागलेले असते आणि उधाणाचा जोरही ओसरलेला असतो. साडेदहा ते बारा एवढाच वेळ पाण्यात, मोठ्यांनी गुडघ्यापर्यंत आणि मुलांनी मोठ्यांच्या हाताला धरून. उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याला विचारा, तो धोक्याची जागा बोटाने दाखवील. बारा वाजता सगळे बाहेर; कोणी ‘आणखी पाचच मिनिटे’ म्हटले तरी. तुमचा रविवार अशा तिथीला येत नसेल तर त्या दिवशी समुद्र पाहावा, वाळूत किल्ले करावेत, चिकूच्या वाड्या हिंडाव्यात. पाण्यात मात्र पाऊल बुडेल एवढेच जावे. जून ते सप्टेंबर तिथी कोणतीही असो, उतरूच नये. आणि ज्याने दारू घेतली आहे त्याने कोणत्याच महिन्यात नाही.

होडीचेही तसेच. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली होडी उलटली आणि तीन मुली दगावल्या. अंगात जीवरक्षक जाकीट नाही तर होडीत पाय नाही, हे मुलांना घरूनच बजावून निघावे.

तरीही कोणी बुडू लागलेच तर? पोहता येत नसलेल्या बापाने मुलामागे उडी घेतली म्हणजे पुष्कळदा दोघेही जातात. गाडीत पाण्याचा पाच-दहा लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन असतोच. तो रिकामा करून, झाकण घट्ट लावून बुडणाऱ्याकडे फेकावा. तो माणसाला तरंगत ठेवतो. दोरी, साडी, धोतर, जे हाताला येईल त्याने ओढावे. बाहेर काढल्यावर आपल्याकडे माणसाला पालथे घालून पोट दाबतात, पाय धरून उलटे टांगतात. यातले काहीही करू नये. पोटातले पाणी काढण्यात वेळ जातो आणि तेच पाणी फुफ्फुसात शिरते. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उताणा निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास भरा, पहिल्यांदा पाच वेळा. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने जोरात दाब द्या, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्या, चालू-बोलू लागलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावेच, कारण फुफ्फुसाला आलेली सूज काही तासांनी जाणवू शकते.

बाकीच्या दुखण्यांबद्दल थोडक्यात. गाडी लागणाऱ्याने उपाशीपोटी निघू नये आणि वडे खाऊनही निघू नये. एखादी पोळी किंवा थोडे पोहे, पुढची जागा आणि नजर लांब रस्त्यावर. गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी अर्धा-एक तास. पण ती झोप आणते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

पाण्याचा प्रश्न बायकांच्या बाबतीत वेगळाच आहे. वाटेत स्वच्छ सोय मिळेल की नाही या धास्तीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दमट हवेत दिवसभर घाम गाळून, लघवी दाबून परत आल्या की मंगळवार-बुधवारी जळजळ आणि थंडीताप ठरलेला. गाडी ठरवताना पुरुषमंडळींनी थांबे ठरवावेत, दर दीड-दोन तासांनी एक, आणि हा विषय बाईने काढण्याची वाट पाहू नये. बरोबर मीठ-साखरेचे पाणी असावे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शहाळे चांगलेच, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारून घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

मधुमेह्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. त्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असते. तापलेली वाळू आणि शिंपले कळत नाहीत. इन्सुलिनची बाटली उन्हात उभ्या गाडीत ठेवली तर निकामी होते. आणि डहाणू-घोलवडचा चिकू! त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो गोडही तसाच आहे. परतीच्या वाटेवर करंडी मांडीवर घेऊन बसलेल्या मधुमेह्याचा घाट पार होईपर्यंत हिशेब चुकतो. एकादशीचा उपवास करून उन्हात हिंडणाऱ्यांनाही भोवळ येते. अंगाला जेलीफिश लागला तर वाळूने चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन मग सोसेल इतक्या गरम पाण्याने शेकावे.

समुद्राच्या हवेने दमा जातो, छाती सुधारते असे म्हणत आजारी माणसाला मुद्दाम नेणारेही भेटतात. क्षयाच्या बाबतीत हवापालटाचा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. मद्रासच्या संशोधन केंद्राने १९५९ मध्येच दाखवून दिले, की औषधे नियमित घेतली तर घरी राहिलेला रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. दम्याच्या माणसाला दमट हवा कधी मानवते, कधी नाही. त्याने पंप खिशात ठेवावा, बॅगेच्या तळाशी नव्हे.

परतीची वेळ चारच ठेवा. गाडी चालवणाऱ्याला जेवणानंतर तासभर सावलीत झोपू द्या, त्याला पाण्यात ओढू नका. एप्रिल-मेमध्ये चारला निघालात तर जव्हार-मोखाड्याची वळणे उजेडात संपतात, त्र्यंबकला चहा होतो आणि आठ-साडेआठला कॅम्पात पोहोचता. अंघोळ करताना मुलांचे कान कोरड्या फडक्याने बाहेरून टिपा, आत काडी घालू नका.