तोबऱ्यातला तापटपणा
दावण आणि दौड : लेखांक ६

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पाहायला आलेला माणूस आधी कान पाहतो. मारवाडी असेल तर कानांची टोकं वर एकमेकांना भिडतात की नाही, ते. मग भोवरे, मग ओठ उचलून दात, मग गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवणं. तोवर हलगी वाजायला लागते, घोडा पुढचे पाय झाडत नाचतो आणि घोळक्यातून कुणीतरी म्हणतं, ‘जनावर गरम आहे.’ दत्त जयंतीला एकमुखी दत्ताच्या दर्शनासोबत तापीकाठी भरणाऱ्या या बाजारात रंगाला किंमत आहे, उंचीला आहे, रेवाल चालीला तर आहेच. ‘खातो काय?’ हा प्रश्न मात्र बहुधा सौदा ठरल्यावर, घोडा गाडीत चढवताना निघतो.

माझं म्हणणं असं, की तो सौद्याआधी विचारावा. ज्याला आपण घोड्याचा स्वभाव समजून पैसे मोजतो, त्यातला काही भाग त्याच्या तोबऱ्यातून आलेला असतो.

घोड्याचं पोट समजलं की हे पटतं. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. गाय भराभर खाऊन निवांत रवंथ करते; घोड्याला ती सोय नाही. तो दिवसभर थोडं थोडं चरत राहावा अशीच त्याची घडण आहे, म्हणून जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, समोर चारा असो वा नसो. त्यावर उतारा लाळेचा, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. एक किलो वाळला चारा चावायला त्याला साधारण ४० मिनिटं लागतात, एक किलो धान्य दहा मिनिटांत संपतं. म्हणजे दोन वेळा भरपूर चंदी आणि चारा नावापुरता, असा रतीब असलेला घोडा दिवसाचा बराच वेळ आम्ल घेऊन उभा राहतो. जठराला व्रण पडतात. तंग ओढताना जो घोडा मान वळवून चावायला येतो, खरारा पोटाकडे नेला की कातडी थरथरवतो, त्याला आपण खट्याळ म्हणून मोकळे होतो. कित्येकदा त्याचं पोट दुखत असतं.

दुसरी गोष्ट पिठूळ अंशाची, म्हणजे स्टार्चची. मक्यात तो सुमारे ७० टक्के, जवात ५५च्या आसपास, ओटात आणि हरभऱ्यात ४०च्या घरात. तो पचला की रक्तातली साखर भरकन चढते आणि उतरते. चंदीवर भर असलेले घोडे नव्या वस्तूला, आवाजाला जास्त बिचकतात आणि तेवढीच ताकद तेल व चाऱ्यातून मिळालेले घोडे तुलनेनं शांत राहतात, असं परदेशातल्या चाचण्यांमध्येही दिसलं आहे. आपल्याकडे ‘हरभरा गरम पडतो’ म्हणतात आणि दोष त्यातल्या प्रथिनांना देतात. अनुभव खरा, कारण चुकीचं. त्यातच गुळाचा खडा रोजचा झाला की झालंच.

म्हणून कुठल्याही स्वभावाच्या घोड्याचा हिशोब चाऱ्यापासून सुरू करावा. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो वाळला चारा हवा, चार-पाच वेळा विभागून, आणि सगळ्यात मोठा वाटा रात्री. चंदी त्यानंतर, कामापुरती. घोड्याला ज्वारीचा वाळला कडबा चालतो. हिरवी ज्वारी नको. कोवळ्या ज्वारीनं गुरं दगावतात हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण घोड्याला हिरव्या ज्वारीनं मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा दुबळेपणाही येतो, हे फारसं माहीत नसतं. कडबा घेताना पेंढी सोडून मधलं ताट मोडावं, पानं मुठीत चुरगाळून नाकाशी धरावीत. कुबट वास आला, काळी भुकटी उडाली, तर ती गंजी घोड्याची नव्हे. बेमोसमी पावसात भिजून पुन्हा वाळलेला कडबा बाहेरून सोनेरी दिसतो आणि आतून बुरसलेला असतो. त्यानं खोकला लागलेला घोडा चढावर दम टाकतो आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

आता तापट घोडी घ्या. उंच मानेची, कागद उडाला तरी चार पावलं आडवी जाणारी. तिच्या तोबऱ्यातला हरभरा, मका, जव हळूहळू उतरवावा आणि गूळ बंद करावा. कडब्याच्या कुट्टीसोबत किलो-दीड किलो वाळवलेला लसूणघास द्यावा. त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठरातल्या आम्लाला आवर घालतात, आणि नुसत्या कडब्यात जी प्रथिनांची उणीव असते तीही भरून निघते. ताकद कमी पडत असेल तर तेल. ५० मिलिलिटरपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत पाव लिटरपर्यंत न्यावं. तेवढ्यातून अर्धा ते पाऊण किलो धान्याइतकी शक्ती मिळते, साखरेचा चढ-उतार न होता. रेवाल चालीच्या घोड्याला हा रतीब विशेष मानवतो, कारण ती चाल म्हणजे एकसारखा, लांब पल्ल्याचा वेग. क्षणभराची झेप नव्हे. एवढं करूनही घोडी तापटच राहील. मारवाडी रक्त चाऱ्यानं पालटत नाही. फक्त बँडसमोर ती आपल्या हातात राहील.

थंड घोड्याचं प्रकरण जास्त फसवं. लोक सरळ चंदी वाढवतात. आधी दात, जंत आणि नाल पाहावेत. मग बरगड्यांवर हात फिरवावा: बोटांना बरगडी लागतच नसेल तर घोडा लठ्ठ आहे आणि आणखी चंदीनं तो जागा होणार नाही, लठ्ठच होईल. वरात ओढून ओढून हडकलेला असेल तर मात्र चंदी वाढवावी. जव भरडून किंवा शिजवून, हरभरा रात्रभर भिजवून, आणि एका वेळी दीड किलोच्या पुढे नाही. जास्त झालेला पिठूळ अंश लहान आतड्यात न पचता मागच्या मोठ्या आतड्यात जातो आणि तिथे आंबतो. पोटशूळ तिथून उठतो, खुरं तापण्याचं दुखणंही तिथूनच. निव्वळ गव्हाच्या भुशावर पोट सुटलेला थंड घोडाही बाजारात दिसतो; त्याला भुसा कमी आणि पानाचा चारा जास्त द्या, महिन्याभरात चालीत फरक पडतो.

शहादा-तळोदा भागात ऊस भरपूर, त्यामुळे हंगामात वाढे स्वस्तात मिळतात. घोड्याला ते आवडतातही. पण वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतात, आणि सोबत गव्हाचा कोंडा रोजचा असेल तर त्यातलं फॉस्फरस उरलंसुरलं संतुलन बिघडवतं. अशा घोड्याच्या जबड्याची हाडं काही महिन्यांनी फुगतात, चाल लंगडी होते. वाढे चवीपुरते, कोंडा मूठभर. सरकीची पेंड दुभत्या जनावरांसाठी ठेवावी. कोंबड्यांच्या खाद्याला तर घोड्याचं तोंडही लागू देऊ नये: त्यात अनेकदा मोनेन्सिनसारखं औषध असतं, कोंबडीला ते सोसतं, घोड्याचं हृदय त्यानं बंद पडू शकतं. बुरशी आलेला मका मेंदूवर जातो. तापीकाठी मका उदंड, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

यात्रेच्या दिवसांत दरवर्षी बातमी येते: अमुक कोटीचा घोडा, रोज इतके लिटर दूध, इतकी अंडी, तूप, बदाम. वाचायला मजा येते. मोठ्या घोड्याला दुधातली साखर नीट पचत नाही, लीद पातळ होते, हे त्या बातमीत नसतं. तो खुराक किंमत चढवायला उपयोगी पडत असेल. त्यानं घोडा चढतो असं मला वाटत नाही.

चाऱ्याची साठवण हा तर मराठ्यांच्या पागेचा जुना विषय. चिपळूणजवळच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या पत्रात दाणा-वैरण आताच बेहिशेबी उधळली तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, अशी सक्त ताकीद आहे. दिव्याची वात उंदीर पळवतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर बारकाईनं लिहिलं आहे. आजही कडबा स्वस्त असतो तेव्हा घेऊन ठेवणारा आणि जूनमध्ये मिळेल तो कडबा मिळेल त्या भावात घेणारा, या दोघांच्या घोड्यांत फरक दिसतो. दुसऱ्याचा चारा दर पंधरवड्याला बदलतो, आणि घोड्याच्या आतड्यातल्या जिवाणूंना बदल सोसत नाही.

वरातीच्या घोड्यांच्या मालकांनी एक आणखी लक्षात ठेवावं. चातुर्मासात लग्नं नाहीत, घोडा ठाणावर उभा, आणि तोबरा मात्र तसाच चालू. मग एखाद्या दिवशी अचानक तासभर नाचवला की मागच्या मांड्या दगडासारख्या कडक होतात, घाम फुटतो, लघवी काळसर चहासारखी. काम बंद त्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी, चारा पूर्ण.

तेव्हा सौद्याच्या वेळी व्यापाऱ्याला विचारा: सकाळी काय, संध्याकाळी काय, किती, गूळ किती, आज नाचवण्याआधी काय दिलं. पंजाबकडून आलेला नुकरा हिरव्या बरसीमवर वाढलेला असू शकतो, राजस्थानचा घोडा बाजरीवर; खानदेशी कडबा दोघांनाही परका. त्याच्या नेहमीच्या चाऱ्याचं आणि चंदीचं आठवड्याभराचं पोतं सोबत मागून घ्या, दोन-चार हजार जास्त गेले तरी चालेल. घरी उतरवल्यावर आधी पाणी, मग चारा. चंदी दुसऱ्या दिवशी, तीही निम्मी. दर दोन-तीन दिवसांनी जुन्यातला चौथा हिस्सा काढून आपला घालत गेलात की दहा-बारा दिवसांत बदल पुरा होतो. तिसऱ्या आठवड्यात खोगीर चढवून मोकळ्या रानात न्या. तो घोडा तुम्ही विकत घेतलेला.

पुढच्या आठवड्यात पाणी आणि मीठ.