हरळी आणि लव्हाळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांची क्रमवारी तणशास्त्रज्ञ लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली ग्रंथरूपाने मांडली. तिच्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा होता आणि दुसरा हरळीचा. तंजावरच्या कावेरी त्रिभुज प्रदेशात ही दोन्ही तणे बांधावर, परसात आणि घरापुढच्या हिरवळीत ठाण मांडून असतात. तमिळमध्ये लव्हाळ्याला कोरै आणि हरळीला अरुगम्पुल म्हणतात. 1855 पर्यंत भोसल्यांची गादी असलेल्या या मुलखात मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. गणपतीला वाहायच्या दूर्वा, म्हणजे हीच हरळी, त्यांच्या अंगणात सहज मिळतात, आणि हिरवळ राखायची म्हटली की त्याच दूर्वा डोकेदुखी ठरतात.

इथली जमीन चिकण गाळाची आहे. मेट्टूर धरणाचे दरवाजे साधारणपणे 12 जूनला उघडतात आणि कालवे भरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. म्हणजे वर्षातले बरेच महिने जमिनीत ओल असते. अशा ठिकाणी तणाशी झुंजताना चुकीच्या समजुती फार महाग पडतात. त्यातल्या नेहमीच्या सहा पाहू.

गैरसमज 1: उपटले की तण संपले.

वस्तुस्थिती: लव्हाळ्याचे पाते ओढले की ते गाठीपाशी तुटून हातात येते आणि गाठ जमिनीतच राहते. या गाठी बारीक धाग्यासारख्या खोडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. टोकाची गाठ वाढत असते तोवर मागच्या बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. साखळी तुटली की त्या जाग्या होतात आणि एका रोपाच्या जागी तीन-चार रोपे येतात.

मग खुरपणी सोडून द्यायची का? मुळीच नाही. गाठ ही लव्हाळ्याची कणगी आहे. नवे पाते फुटायला तिच्यातलाच साठा खर्च होतो. दर दोन-तीन आठवड्यांनी, नव्या गाठी धरायच्या आत, खुरप्याने पाती गाठीसकट काढत राहिले तर कणगी रिकामी होते. खुरपणीत मोठा खंड पडला तर ती पुन्हा भरते.

गैरसमज 2: कुदळ किंवा रोटाव्हेटर फिरवला की हरळी मुळासकट जाते.

वस्तुस्थिती: हरळी जमिनीवरच्या धावत्या खोडांनी आणि जमिनीखालच्या कांड्यांनी पसरते. तिच्या प्रत्येक पेऱ्याला मूळ आणि फुटवा येऊ शकतो. ओल्या जमिनीत यंत्र फिरवले तर कांड्यांचे तुकडे होतात आणि जणू आपणच हरळीची लागवड करतो. हेच काम उन्हाळ्यात केले तर उलटा परिणाम होतो. उघड्या पडलेल्या कांड्या कडक उन्हात वाळतात, आणि वेचून बाहेर काढल्या तर काम पक्के होते.

त्रिभुज प्रदेशात सांबा हंगामातल्या भाताच्या कापणीआधी, उभ्या पिकातच उडीद-मूग फेकून पेरण्याची पद्धत आहे. जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर कडधान्य पिकते, ही मोठी सोय आहे. पण अशा रानाला त्या काळात नांगर लागत नाही आणि हरळीच्या कांड्या जागच्या हलत नाहीत. घरच्या हिरवळीला ही अडचण नाही. तिथे मार्च ते मे हा काळ खोदाईला मोकळा असतो.

गैरसमज 3: पाणी तुंबवले की सगळी तणे कुजतात.

वस्तुस्थिती: भातखाचरात पाणी उभे केले की अनेक तणे दबतात, म्हणून हा समज पक्का झाला आहे. पण पाण्याखाली लव्हाळ्याच्या गाठी निपचित राहतात आणि हरळी बांधावर जिवंत राहून पाणी ओसरताच पुन्हा आत उतरते. चार पानांची आरै, जिची तमिळ घरांत भाजीही करतात, ती तर पाणथळ जागेतच पसरते. हिरवळीवर पाणी साचत असेल तर तण मरत नाही, त्याची जात तेवढी बदलते. पाण्याचा निचरा सुधारणे हाच यावर उपाय आहे.

गैरसमज 4: मीठ टाकले किंवा जाळले की कायमचा बंदोबस्त होतो.

वस्तुस्थिती: हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते. मिठाने आधी फुलझाडे मरतात आणि सोडियममुळे चिकण मातीची घडण बिघडून ती पाणी मुरू देत नाही. नागपट्टिनम, वेदारण्यमकडच्या किनारी गावांत क्षारांचा त्रास आधीच आहे. तिथे हा उपाय म्हणजे स्वतःच्या जमिनीशी वैर. जाळल्याने वरचे पान जाते, पण खालच्या कांड्या आणि गाठी शाबूत राहतात.

गैरसमज 5: काळे प्लास्टिक अंथरले की लव्हाळा मरतो.

वस्तुस्थिती: लव्हाळ्याचा कोंब टोकदार असतो. तो काळे पातळ प्लास्टिक भोकसून वर येतो. उन्हाने जमीन तापवून तण मारायचे असेल तर पारदर्शक प्लास्टिक लागते, कारण त्यातून ऊन थेट मातीपर्यंत पोचते. एप्रिल-मे महिन्यांत जमीन सपाट करून भिजवावी, कागद घट्ट ताणून कडा मातीत पुराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. वरच्या थरातल्या हरळीला हा मार्ग चांगला लागू पडतो. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र वाचतात. त्यांच्यासाठी पुढची खुरपणी चुकत नाही.

गैरसमज 6: एक जालीम औषध फवारले की काम झाले.

वस्तुस्थिती: 2,4-डी हे रुंद पानांच्या तणांसाठी आहे. हरळीला त्याने काही होत नाही. ग्लायफोसेट पानांतून मुळांपर्यंत जाते, पण ते हिरवळीचे गवतही मारते. मातीवर पडल्यास ते मातीच्या कणांना चिकटून निष्प्रभ होते. केंद्र सरकारने 2022 मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. दुकानातून बाटली आणून अंगणात फवारण्याची ही गोष्ट नव्हे, विशेषतः जिथे कालवा, विहीर आणि गुरे हाकेच्या अंतरावर असतात.

मग करायचे काय?

पहिले, तण आत येण्याची वाट बंद करा. लव्हाळा बियांपेक्षा गाठींनीच जास्त पसरतो, आणि गाठी येतात भरावाच्या मातीतून. तळ्यातला किंवा कालव्याकाठचा गाळ अंगणात टाकण्याआधी चाळून गाठी वेचा. दुसरे, मोठी खोदाई उन्हाळ्यातच करा. महाराष्ट्रातल्या वाचकांनी ती मृगाच्या पावसाआधी आटोपावी. तिसरे, हिरवळ दाट ठेवा आणि फार खाली कापू नका. विरळ गवतात लव्हाळ्याला ऊन मिळते. चौथे, तुमची हिरवळ हरळीचीच असेल तर हरळीशी लढू नका. भारतातल्या असंख्य हिरवळी तिच्याच आहेत. तिला फुलझाडांच्या वाफ्यात शिरू देऊ नका, एवढेच पुरे.

या तणांचा जीव जमिनीखाली असतो, म्हणून एका दिवसाच्या जोरकस घावाने ती जात नाहीत. एक उन्हाळा नीट साधा, पुढचे वर्षभर खुरपे हातचे सोडू नका, आणि विषाची बाटली दुकानातच राहू द्या.