न टळणारी जोखीम आणि शेतीतील भांडवल

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. वर्षाचा पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्याचाही भरवसा नसतो. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे काही भाग बागायती झाला. परंतु पुष्कळशी जमीन आजही जिरायतच आहे. त्यामुळे एकाच तालुक्यात एक शेतकरी डाळिंबाच्या बागेत भांडवल घालतो, तर दुसरा ज्वारी सोडावयास तयार होत नाही. या दुसऱ्यास भित्रा किंवा अडाणी समजणे बरोबर नाही.

जोखमीचे दोन प्रकार

बाग लावावी की न लावावी, हे शेतकऱ्याच्या हाती असते. ही जोखीम तो आपण होऊन पत्करतो. पाऊस हुकणे, विहीर आटणे, घरातील आजारपण ही जोखीम मात्र कोणास टाळता येत नाही. या न टळणाऱ्या जोखमीचा बोजा जितका जड, तितकी नवी जोखीम उचलण्याची ताकद बहुधा कमी होते.

समजा, दोन शेतकऱ्यांजवळ प्रत्येकी पन्नास हजार रुपये आहेत. पहिल्यास कालव्याचे पाणी आहे. बाग फसली तरी इतर पिकांवर त्याचे घर चालते. दुसऱ्याची विहीर फाल्गुनातच तळ गाठते. त्याच्या दृष्टीने ते पन्नास हजार म्हणजे दुष्काळी वर्षाची शिदोरी होय. शिवाय पाऊस हुकला की ज्वारी आणि बाग एकाच वेळी जातात, कडबा महागतो व जनावरे पडत्या भावाने विकावी लागतात.

शेजारच्या जिल्ह्यातील अनुभव

इंदापूरलगतच्या सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण या गावांत इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून शेतकरी कुटुंबांच्या नोंदी ठेवल्या. संस्थेने अभ्यासासाठी निवडलेल्या अशा गावांतील नोंदींच्या आधारे रोझेनझ्वाइग व बिन्सवांगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली निष्कर्ष मांडला. पावसाचा बेभरवसा वाढला की गरीब शेतकरी कमी धोक्याच्या, पण कमी नफ्याच्या साधनांत पैसा गुंतवितो. सधन शेतकऱ्यावर हा परिणाम फारसा होत नाही. अर्थात पाऊस पडला, त्या वर्षीही गरिबाचे उत्पन्न मागेच राहते.

काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवे पीक सुचविण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी किती महिने पुरते, धान्य व कडबा किती शिल्लक आहे, आणि देणे किती आहे.

शेतकरी बंधूंनी प्रथम न टळणाऱ्या जोखमीचा भार हलका करावा. शेततळे घ्यावे, कडब्याची गंज राखावी व पीकविमा मुदतीत उतरवावा. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत रब्बी अन्नधान्य पिकांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या कमाल दीड टक्का आहे. मात्र भरपाई मुख्यतः विमा क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. म्हणून केवळ विम्यावर विसंबू नये.

डाळिंबास उत्पन्न देण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि तेल्या रोगाची भीती असतेच. यास्तव खात्रीचे पाणी पुरेल तेवढ्याच क्षेत्रावर बाग लावावी व घरखर्चाची रक्कम वेगळी ठेवावी. पायाखालची जमीन घट्ट झाली, म्हणजे पुढचे पाऊल शेतकरी आपण होऊन टाकतो.